पाण्याबाहेर हजर

अक्का कुठल्याही प्रवासाची आखणी शेवटाकडून करायच्या. पापनाशमला बारशाला जायचं असलं तरी त्या आधी संध्याकाळची परतीची गाडी कोणती ते विचारायच्या, मग जेवण किती वाजता आटपेल ते, आणि सगळ्यात शेवटी सकाळी कुंभकोणमहून निघायचं कधी ते. आहेराचं पाकीट मी घरी विसरायचे. त्यांच्या पिशवीत मात्र परत येताना लागणारी शाल उन्हाळ्यातसुद्धा असायची. "जायला सगळ्यांनाच येतं, सरोजा," त्या म्हणायच्या, "परत कसं यायचं ते आधी बघ."

अक्का म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. महाराष्ट्रात अशा नात्याला वन्सं म्हणतात म्हणे. आमच्या तंजावरी मराठी घरांत अक्काच. लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवलं आणि उरलेल्या वेळात मला. मी वीस वर्षांची नवरी होऊन मद्रासहून आले तेव्हा मला पाण्याची इतकी भीती, की घंगाळातला तांब्यासुद्धा डोळे मिटून ओतून घ्यायचे. वर तोरा असा, की समुद्राकाठच्या गावची आहे मी, मला काय नदीचं! ऐप्पसी महिन्यात, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, कावेरीवर तुलास्नानाला नेल्यावर तो तोरा दुसऱ्या पायरीवरच वाहून गेला. अक्कांनी माझं मनगट पकडलं आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं, "नाक धर. श्वास रोख. बूड. वर ये. असं तीनदा." पुढे अडतीस वर्षं मी तसंच केलं.

हे मुद्दाम सांगते, कारण पुढची फजिती त्यातूनच झाली. आठ वर्षांपूर्वी आम्ही पुदुच्चेरीला एका लग्नाला गेलो होतो. समुद्राकाठी स्कूबा शिकवण्याच्या केंद्राची पाटी होती. पाठीवर हवेची टाकी घेतलेला माणूस, भोवती मासे. बरोबरच्या चार बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, "हे काय, मीसुद्धा करीन." मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची, म्हणजे बढाई मारायच्या ऐन वयाची. अक्का सहासष्ट. त्यांना बढाई ऐकली की ती खरी धरायची सवय होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी घेताना म्हणाल्या, "दोघींची नावं दिली आहेत. परतीची गाडी पुढच्या सोमवारची."

पहिला धडा पोहण्याच्या तलावात. टाकी बांधली, मास्क चढवला, हवेच्या नळीचं तोंड, म्हणजे रेग्युलेटर, दातांत धरला. आमची कोच, तिशीतली एक तमिळ बाई, तिने खूण केली, खाली चला. आम्ही दोघींनी एकदम नाक धरलं, डोळे मिटले, श्वास रोखला, आणि तीन डुबक्या मारून वर आलो. अक्कांनी तर वर आल्यावर सूर्याला नमस्कारही केला. कोचबाई ओरडल्या, "पाट्टी, मूच्चु विडुंग! आजी, श्वास सोडा!" मग त्यांनी समजावलं. नाक धरलं ते ठीक, कानातला दाब सोडायला धरावंच लागतं. पण टाकी पाठीवर असताना श्वास कधीही रोखायचा नाही, फुप्फुसं फाटतील. पहिला नियम हाच. अक्कांनी काठावर बसून मास्क काढला. म्हणाल्या, "अडतीस वर्षं तुझ्याकडून उलटं घोटून घेतलं ग." मग सात दिवस पाण्यात उतरण्यापूर्वी त्या बोट वर करून मला बजावायच्या, "सरोजा, श्वास!"

सर्टिफिकेटं मिळाली. आता खऱ्या सुट्टीला जायचं होतं, दोघींनी, स्वतःच्या हिमतीवर. मला मालवणला जायचं होतं. आपले पूर्वज तिकडूनच कुठून तरी घोड्यांवरून इकडे आले, आपण पाण्याखालून परत जाऊ, असं माझं काव्य. अक्कांनी अंदमान ठरवलं. "तिकडचं पाणी स्वच्छ आहे म्हणतात. नवशिक्यांनी आपला जोडीदार दिसेल अशा पाण्यातच उतरावं." जेवणाच्या टेबलावर कॅलेंडर पसरून त्यांनी परतीच्या विमानापासून मागे यायला सुरुवात केली. समुद्रातून वर आल्यावर विमानात बसण्यापूर्वी अठरा तास थांबायचं, म्हणून शेवटचा दिवस कोरडा. त्याआधी दोन दिवस बुड्या, दिवसाला दोनच. सगळ्यात आधी एक उथळ बुडी, नुसती उजळणी. आमच्या सर्टिफिकेटवर अठरा मीटरच्या खाली जायची परवानगी नाही. अठरा मीटर, अठरा तास! गणिताच्या बाईंना एवढा आनंद झालेला मी त्यांच्या निरोपसमारंभातही पाहिला नव्हता.

माझी तयारी वेगळी. मी पाच नंबरची चप्पल घालते म्हणून पोहताना पायात घालायचे गुलाबी फिन्सही पाचचे मागवले. त्यात माझी टाचसुद्धा जाईना. सगळ्या गल्लीला शार्क दिसणार म्हणून सांगून ठेवलं. एवढ्यावर न थांबता दारासुरमच्या विणकराकडे काठावर मासे असलेली रेशमी साडी सांगून आले. ती विणून आल्यावर अक्कांनी हातात घेऊन पाहिली. "मासे बघायला चाललोय की माशांना दाखवायला?" त्यांनी स्वतः मात्र माशांच्या नावांची यादी करून पाठ केली. आमच्या वैष्णव घरात माशाचं नाव काढायची सोय नाही, आणि अक्का तुळशीला पाणी घालताना पोपटमासा, विदूषकमासा, सिंहमासा म्हणत फिरायच्या. शेजारच्या मामींनी कानांवर हात ठेवले तेव्हा म्हणाल्या, "नुसतं बघणार आहोत, मामी. ते आम्हाला बघतील. हिशेब तेवढाच."

निघायला तीन आठवडे होते तेव्हा बेटावरच्या केंद्राकडून प्रकृतीचा फॉर्म आला. 'चक्कर येते का? हो किंवा नाही.' अक्कांचं पेन तिथे थांबलं. महिनाभर मी पाहत होते. सकाळी दारात कोलमची रांगोळी काढून उठताना त्या चौकट धरायच्या आणि मी पाहिलं नाही असं समजायच्या. मीही तसंच समजू द्यायचे. त्या क्षणी मला एवढंच दिसलं, की आमचा बेत गेला. मी म्हटलं, "नाही लिहा, अक्का. तिकडे कोण बघायला येतंय?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तू. पाण्याखाली मला चक्कर आली तर माझ्याजवळ कोण असेल? तू. ज्या बाईच्या भरवशावर खाली जायचं, तिच्यासमोरच खोटं लिहू?" आणि सुबक अक्षरात 'हो' लिहिलं. 'हो' असेल तर डॉक्टरांची सही हवी, असा त्या फॉर्मचा नियम. डॉक्टरांनी कान तपासले, मान तपासली, आणि सही दिली नाही. आता नाही, आणि बहुतेक पुढेही नाही.

मी रडले. अठ्ठावन्न वर्षांची घोडी, गुलाबी फिन्स मांडीवर घेऊन रडत होते. "आपण दोघी नाही तर मीही नाही. रद्द करून टाकू." अक्का कॉफी फेसाळत होत्या. पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात. "परतीचं तिकीट काढलेलं आहे," त्या म्हणाल्या. "परत यायचं म्हणजे आधी जायला नको का?"

गेलो. पहिल्या बुडीला माझा जोडीदार म्हणून केंद्रातले एक पिकल्या केसांचे गृहस्थ आले. अक्का नावेत, डोक्यावर टोपी, मनगटावर घड्याळ. मी नावेच्या काठावर बसले, आणि पाण्याकडे पाहून वीस वर्षांची झाले. नाक धरलं, डोळे मिटले, श्वास रोखला. मागून वर्गातला आवाज आला, "सरोजा, श्वास!" तो सोडला आणि मागच्या मागे पाण्यात पडले.

खाली काय पाहिलं ते सांगायला बसले तर आणखी एक वही लागेल. पोपटमासा प्रवाळ कुरतडत होता आणि त्याचा आवाज मला ऐकू येत होता, एवढंच सांगते. लांबवर एक कासव दिसलं. त्याच्या मागे जावंसं फार वाटलं. पण परत फिरण्यासाठी अक्कांनी ठरवून दिलेला आकडा हवेच्या काट्यावर आला होता. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणी न ओरडता परत फिरले.

वर आल्या आल्या नावेतून प्रश्न आला, "किती हवा उरली?"

"सत्तर."

"बरं," अक्का म्हणाल्या. पस्तीस वर्षं ज्या 'बरं'साठी मुली झुरल्या, ते मला मिळालं.

संध्याकाळी लॉगबुक भरलं. प्रत्येक बुडीची नोंद करायची आणि खाली जोडीदाराची सही घ्यायची, असा त्यात रिवाज. त्या गृहस्थांनी सही केली. मी वही अक्कांपुढे सरकवली. "मी पाण्यात नव्हते," त्या म्हणाल्या. मी वही सरकवलेलीच ठेवली. मग त्यांनी पेन उघडलं आणि पानाच्या अगदी वरच्या कडेला, हजेरीपटावर लिहावं तशा अक्षरात लिहिलं, 'पाण्याबाहेर हजर', आणि खाली सही. त्या सुट्टीतल्या पाचही पानांवर तेच आहे.

तीन वर्षांपूर्वी, एका दुपारी झोपेत, अक्का गेल्या.

या मार्गशीर्षात माझ्या नातीला सर्टिफिकेट मिळालं. तिची पहिली सुट्टी, माझ्याबरोबर, अंदमानलाच. ती फोनवर जायचं तिकीट शोधत होती. मी फोन काढून घेतला आणि परतीचं आधी काढलं. काल फॉर्म आला. गेल्या पावसाळ्यापासून जिना चढताना माझ्या छातीत जरा भरून येतं. घरात कुणाला ठाऊक नाही, आणि तिकडे कोण बघायला येणार आहे? नात शेजारी बसून तिचा फॉर्म भरत होती. मी माझ्या फॉर्मवर 'हो' लिहिलं आणि तिला वाचायला दिला.

उद्या डॉक्टरांकडे जायचंय. सही मिळाली तर मी पाण्यात, नाही मिळाली तर नावेत. दोन्हीकडे नातीच्या वहीवर सहीला पेन लागेल, ते आजच पिशवीत टाकलंय.