अर्ध्यावर थांबलेली प्रार्थना

रेव्हरंड प्रभुदास मकासरे यांची आणि माझी पहिली गाठ आमच्या परळच्या चाळीच्या गॅलरीत पडली, आणि तिच्यात आदराचा भाग फारसा नव्हता. मी नुकतीच म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते. संध्याकाळी घरी परतले, तर पांढरा कोट घातलेले एक गृहस्थ हातात टोपी धरून आमच्या बंद दारासमोर नुसते उभे. दार वाजवीत नव्हते की हाक मारीत नव्हते. शेजारच्या बाईंनी मला जिन्यातच गाठले. "मघापासनं उभे आहेत गं. विमेवाले की काय?" मी शाळेतला आवाज काढून विचारले, "कोण हवंय आपल्याला?" ते म्हणाले, "हेच घर हवं आहे. आत यायला अजून तयार झालो नाही, एवढंच."

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, नवे पाळक आले आहेत हे ऐकले होते, पण पाळक म्हणजे दारातूनच "सलाम" गर्जत येणारा माणूस, अशी माझी समजूत. वडील तेव्हा दम्याने अंथरुणाला खिळले होते. पाळकसाहेब त्यांच्या खाटेशी स्टुलावर बसले, डोळे मिटून तीन-चार वाक्यांची प्रार्थना केली आणि आमेन म्हणाले. वडिलांचा चेहरा पडला. आधीच्या पाळकांची प्रार्थना समोरचा चहा निवेपर्यंत चालत असे. "एवढीच का, साहेब?" त्यांनी विचारले. पाळकसाहेब म्हणाले, "देवाला तुमचं दुखणं माहीत आहे. मला माहीत नाही. मला सांगा."

मग वडील बोलू लागले. नगरकडचे गाव, मिशनच्या शाळेत खाल्लेल्या छड्या, मुंबईत पहिल्यांदा पाहिलेला समुद्र, काय काय सांगितले. मधून मधून दम लागे. पाळकसाहेब दम ओसरेपर्यंत थांबत. आम्ही घरातल्यांनीही त्यातले अर्धेअधिक कधी ऐकले नव्हते. उठताना ते म्हणाले, "आता झाली प्रार्थना." वडील त्यानंतर फार दिवस जगले नाहीत, पण त्या रात्री ते शांत झोपले.

दारासमोर उभे राहण्याचे कारण मी पुढे धीर करून विचारले. "कुणाच्या घरी निघालो की माझ्या तोंडात उपदेश तयार असतो," ते म्हणाले. "तो बाहेर ठेवायला जरा वेळ लागतो." चाळीतल्या पोरांनी त्यांचे नाव 'खांबसाहेब' ठेवले होते. ते कानावर गेले तेव्हा ते मनसोक्त हसले, आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा कुणाच्या तरी दारासमोर खांबासारखे उभे राहिले.

मी मंडळीत उपासनेच्या वेळी पेटी वाजवते. पेटीशी बसणाऱ्याला सगळ्यांच्या प्रार्थना पुढून ऐकाव्या लागतात, म्हणून अधिकाराने सांगते की आमच्या लोकांना लांब प्रार्थनेची भारी हौस. एक सद्गृहस्थ तर देवाला परळपासून दिल्लीपर्यंतच्या बातम्या क्रमाने सांगत. एकदा उपासनेनंतर पाळकसाहेब त्यांचा हात हातात घेऊन म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. आज देवाचा पेपर आला नसावा." दुसरे कोणी म्हणाले असते तर ते गृहस्थ मंडळी सोडून गेले असते. पाळकसाहेबांवर मात्र ते खूश होऊन हसले, आणि पुढच्या रविवारी त्यांनी फक्त आपल्या आजारी सुनेसाठी मागितले. ती प्रार्थना माझ्या आजवर लक्षात आहे.

प्रार्थना म्हणजे देवाचे मन वळवण्याचा अर्ज नव्हे, हे ते शिकवीत. पण व्यासपीठावरून कमी आणि वागण्यातून जास्त. आमच्या मजल्यावरच्या कांबळेकाकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. त्यांची पत्नी वारली तेव्हा पाळकसाहेब गेले, चपला बाहेर काढून भिंतीशी उभे राहिले, आणि घरचे लोक वंदना म्हणत होते तोवर मान खाली घालून राहिले. ते आमच्या कमिटीच्या चिटणीसांना खटकले. "तिथं आपण कुठली प्रार्थना केलीत?" त्यांनी जरा धारदार स्वरात विचारले. पाळकसाहेब म्हणाले, "बाई मला नेहमी पाणी देत असत. त्यांची आठवण काढली. देवाला ती कळली असेल." 

ही गोष्ट जरा पुढची. त्याआधी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस आले होते. गिरणगावात दुसरा विषय नव्हता. आमच्या तरुणांनी आग्रह धरला की मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून उपासनेत जाहीर प्रार्थना व्हावी. पाळकसाहेबांनी ती केली, आणि ती अशी: "प्रभू, मुंबई महाराष्ट्राची व्हावी असं मला वाटतं. तुला काय वाटतं ते मला ठाऊक नाही. या गडबडीत कुणाच्या घरचा माणूस कमी होऊ देऊ नकोस." तरुण नाराज झाले. त्यांना रणशिंग हवे होते.

आणि मग लालबागच्या नाक्यावर गोळीबार झाला. माझा धाकटा भाऊ मनोहर गिरणीत साच्यांवर काम करीत असे. पाळी सुटल्यावर तो आपण होऊन घोळक्यात शिरला की घरी येताना सापडला, हे त्याने आईला कधी नीट सांगितले नाही. गोळी गुडघ्यात बसली. डॉक्टरांनी पाय मांडीपासून काढला.

पाळकसाहेब रोज इस्पितळात येत. मनोहरचे डोके तेव्हा तापलेले असे. एकदा तो त्यांना म्हणाला, "पाळकसाहेब, तुमच्या प्रार्थनेनं पाय परत येणारे काय?"

"नाही."

"मग कशाला करता?"

"तुझ्याजवळ बसायचा मला एकट्याला धीर होत नाही, म्हणून," ते म्हणाले.

मनोहरने तोंड भिंतीकडे केले. पण पाळकसाहेबांनी धरलेला हात त्याने सोडवून घेतला नाही.

खरा पेच पुढेच होता. हवालदार गायकवाड आमच्याच मंडळीचे. वरळीला पोलीस लाइनीत राहत. शांत, देवभीरू माणूस. गोळीबाराच्या दिवशी त्यांची तुकडी नेमकी त्याच नाक्यावर होती. ही गोष्ट लपण्यासारखी नव्हती आणि त्यांनी ती लपवलीही नाही. पुढच्या रविवारी ते नेहमीसारखे येऊन आपल्या बाकावर बसले. बायकांच्या बाकांवर आमची आई होती.

उपासनेच्या शेवटी आम्ही प्रभूची प्रार्थना सगळे मिळून मोठ्याने म्हणतो. लहानपणापासून पाठ असल्यामुळे तोंड आपोआप चालते. आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा केली तशी तू आम्हांला कर, अशा अर्थाची ओळ तीत येते. ती ओळ आली आणि आई सर्वांदेखत म्हणाली, "हे मी म्हणणार नाय."

सगळे चपापले. काहींनी आवाज चढवून पुढे रेटायचा प्रयत्न केला. पाळकसाहेबांनी हात वर करून त्यांना थांबवले. "मार्थाबाई खरं बोलल्या," ते म्हणाले. "ही प्रार्थना आपण सगळे मिळून करतो. त्यांना इथून पुढं जाता येत नसेल, तर त्यांना मागं टाकून आपण कुठं जाणार? आज इथंच थांबू." आम्ही थांबलो. बराच वेळ कोणी हलले नाही. मग त्यांनी आशीर्वाद दिला आणि उपासना संपली.

मला वाटले होते, एका रविवारचा प्रकार आहे. पण पुढच्या रविवारी तेच, आणि त्याच्या पुढच्याही. ती ओळ आली की मंडळी गप्प होई, आणि मग आशीर्वाद. नाताळ असाच गेला. कमिटीत वादळ उठले. प्रभूने शिकवलेली प्रार्थना एका बाईच्या हट्टापायी मोडली, अशी तक्रार वरच्या मंडळाकडे गेली. तिथून विचारणा झाली, आणि प्रार्थना पूर्ववत न केल्यास बदली होईल असे स्पष्ट कळवण्यात आले. पाळकीणबाईंनी सामानाची बांधाबांध मनातल्या मनात सुरू केली होती, असे त्या मला नंतर म्हणाल्या. पाळकसाहेबांचे उत्तर एकच होते: "प्रार्थना मोडली नाही. ती चालू आहे. आपण तिच्या मध्यावर आहोत."

मलाही राग आला होता. सगळ्या देवळाचे डोळे दर रविवारी माझ्या आईच्या पाठीला लागत. मी सरळ त्यांच्या घरी गेले. "तुम्ही आईला वेठीला धरलंय," मी म्हटले. "क्षमा कर, असं तोंडानं सांगत नाही, पण सगळी मंडळी तिच्यासमोर उभी केलीय." त्यांनी ऐकून घेतले. "असं होत असेल तर ते वाईट आहे," ते म्हणाले, आणि कोट चढवून माझ्याबरोबर निघाले.

आई तांदूळ निवडत होती. पाळकसाहेबांनी तिला तेच विचारले. "मार्थाबाई, आमच्या थांबण्याचा तुम्हाला जाच होतो का?"

आईने सूप खाली ठेवले. "जाच?" ती म्हणाली. "मन्याचा पाय गेला तवा चाळ लोटली होती, साहेब. चार दिस समदे बोलले. मग ज्यानं त्यानं आपापलं काम धरलं. त्यांचं काय चुकलं? पर हितं दर रविवारी एवढी मानसं माझ्यासाठी गप ऱ्हात्यात. तेवढाच येळ मला वाटतं, देवाला बी ठावं हाय." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ही शिकलेली. हिला न्हाई कळायचं."

मला कळले, पण जरा उशिरा. त्या शांततेला मी शिक्षा समजत होते. आईच्या लेखी तीच प्रार्थना होती.

आणि मग एका रविवारी हवालदार आले नाहीत. तोवर ते एकही रविवार चुकले नव्हते. त्या शांततेत सगळ्यांच्या नजरा झेलत बसणे ही काय चीज असेल, याचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता. आईने केला होता. उपासना सुटल्यावर तिने पाळकसाहेबांना विचारले, "हवालदार कुठंयत?" पाळकसाहेब म्हणाले, "त्यांनी मुंबईबाहेर बदली मागितली आहे. आपण नसलो तर मार्थाबाईंना ती ओळ म्हणता येईल, असं त्यांना वाटतं."

"पळून जातो व्हय?" आई म्हणाली. "चला मला घिऊन."

आम्ही तिघे वरळीला गेलो. हवालदारांनी दार उघडले आणि आईला पाहून ते दारातच गोठले. आई आत जाऊन जमिनीवर बसली. पाणी पुढे आले, ते तिने घेतले नाही. "तू गोळी झाडलीस का?"

"झाडली, मावशी. हुकूम होता." ते उभेच होते. "कुणाला लागली, ते ठाऊक नाही. धूर होता, पळापळ होती. शपथेवर सांगतो, मला ठाऊक नाही. रोज गुडघ्यावर बसतो आणि एकच मागतो, की ती माझी नसावी."

 मी पाळकसाहेबांकडे पाहिले. आता ते काही तरी म्हणतील, दोघांच्या डोक्यावर हात ठेवतील, असे मला वाटले. त्यांनी एक शब्द काढला नाही. 

मग आई म्हणाली, "आजपासनं मी बी तेच मागते. तुझी नसावी." आणि तिने पाण्याचा तांब्या उचलला.

हवालदार खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मीही रडले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. क्षमेवर मी कितीतरी प्रवचने ऐकली आहेत. पण ज्याच्यावर आपला राग आहे, त्याचे हात स्वच्छ निघावेत म्हणून देवापाशी मागणे, याहून मोठी क्षमा मी पाहिलेली नाही. ती आईला कोणी शिकवली नाही. पाळकसाहेबांनी फक्त तिला घाई केली नाही, आणि दुसऱ्या कोणाला करू दिली नाही. त्यासाठी त्यांनी आपली जागा पणाला लावली होती.

पुढच्या रविवारी हवालदार आपल्या बाकावर होते. ती ओळ आली. पाळकसाहेब थांबले. आई जरा खाकरली, आणि तिने ओळ धरली. मागोमाग सगळी मंडळी.  बदलीची भाषा त्यानंतर हळूहळू थंडावली.

परवा मे महिन्यात आपले राज्य झाले. लालबाग दिव्यांनी उजळले. मनोहर कुबड्या घेऊन रोषणाई पाहायला गेला आणि घसा बसेपर्यंत ओरडून आला. त्या रविवारी मंडळीत उपकारस्तुतीची मोठी उपासना झाली. सगळ्यांचे चेहरे फुललेले. शेवटी प्रभूची प्रार्थना सुरू झाली, ती ओळ आली, आणि आईचा आवाज बंद पडला. राज्य मिळाले होते, पाय मिळाला नव्हता. पूर्वी पाळकसाहेबांना हात वर करून आम्हांला थांबवावे लागले होते. या वेळी कोणालाच सांगावे लागले नाही. चिटणीस डोळे मिटून उभे होते. हवालदारही मान खाली घालून उभे होते. बऱ्याच वेळाने आई पुढे सरकली, तेव्हा आम्ही सगळे सरकलो.

पाळकसाहेबांची साठी साजरी करताना देवबापाजवळ त्यांच्यासाठी निकोप प्रकृती आणि खूप वर्षे मागावीत, ही रीतच आहे. मीही मागते, पण माझे मागणे पुरते स्वार्थी आहे, हे त्यांच्यासमोर लपवण्यात अर्थ नाही. ती ओळ आईला अजून दर रविवारी जमत नाही.