बाळकुमची जलमंत्री

बाळकुमच्या मासळीबाजारात शेवंतीशी वाद घालायला जुनं गिऱ्हाईकही कचरायचं. पंचवीस वर्षं ओट्यावर बसून आवाज असा झालेला की नाक्यावरचा रिक्षावाला मान वळवायचा. डोंबिवलीचा दिग्दर्शक अद्वय तिला सिनेमासाठी विचारायला आला, ते मात्र गप्प उभं राहण्यासाठी.

सिनेमा राजकारणाची टर उडवणारा, प्रयोगशील वगैरे. अकरा मंत्री खाडी बुजवतात आणि तिच्याच गाळात खुर्च्या टाकून तिचं उद्घाटन करतात. मंत्री सगळे शहरातले नट. शेवंतीनं डोक्यावर टोपली घेऊन मागं उभं राहायचं.

"नि बोलायचं काय?" खाडीच्या गाळात शूटिंगच्या पहिल्याच दिवशी तिनं विचारलं.

"काही नाही मावशी. तुम्ही प्रतीक आहात. मुक्या जनतेचं."

"मुकी? मंग चुकीची बाई आनलीस तू."

सगळे हसले. तेवढ्यात जलमंत्र्याची खुर्ची कलली आणि नट मांडीपर्यंत रुतला. शेवंतीनंच त्याला ओढून काढलं, खुर्ची सरळ केली आणि स्वतः तिच्यावर बसली.

"खाडी आमची, तर पान्याचा मंत्री बी आमचाच. चालू कर तुजा कॅमेरा."

अद्वयनं गंमत म्हणून चालू केला. शेवंती कडक चेहऱ्यानं गरजली, "खाडीनं जागा सोडली, त्याबद्दल मी खाडीचं अभिनंदन करतंय! मासल्यांना सातव्या माल्यावर घरं देऊ!"

त्या दिवसापासून जलमंत्री तीच.

सहा महिन्यांनी ठाण्यातल्या एका सभागृहात पहिला खेळ झाला. नवी साडी नेसून शेवंती नवऱ्यासोबत, दामाजीसोबत, पुढच्या रांगेत बसली. पडद्यावर तिनं तोंड उघडलं आणि भलताच आवाज आला. गोड, शुद्ध, पुस्तकी.

"ही कोन बोलतंय?" दामाजी कुजबुजला.

शेवटी नावं आली. तिच्या नावापुढं नुसतं 'कोळीण'. दिवे लागले तशी ती उठली.

"अद्वय, माजा आवाज कुटं ठेवलास?"

"वाऱ्यानं रेकॉर्डिंग खराब झालेलं, मावशी. आणि तुमची बोली लोकांना कळली नसती..."

"भाव करताना बरी कलते!"

ती प्रेक्षकांकडे वळली आणि सबंध भाषण खणखणीत म्हणाली. वाक्यावाक्याला हशा पिकला. मागच्या रांगेतून योगिनी उठली. पडद्यावरचा आवाज तिचा होता.

"अद्वय, माझा काढून टाक," ती म्हणाली. "हा आधी ऐकला असता, तर मी माझा दिलाच नसता."

पुढच्या आठवड्यात डोंबिवलीच्या स्टुडिओत शेवंती माइकसमोर हाताची घडी घालून बसली. नावापुढं 'जलमंत्री' टाइप झालेलं स्वतः वाचलं, मगच बोलली.

मग एका चित्रपट महोत्सवानं कळवलं, बाईंच्या बोलण्याखाली पडद्यावर प्रमाण मराठीत अक्षरं द्या. अद्वय चाचरत ओट्यावर आला.

"दे की," सुरमईचे तुकडे करत शेवंती म्हणाली. "पन बाकीच्या दहा मंत्र्यांखाली आमच्या बोलीत दे. आमच्या कोलनींना बी त्यांचं कलत नाय."

अद्वयला आधी थट्टा वाटली. शेवंती हसली नव्हती. दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन आला, आणि गिऱ्हाईकं सांभाळता सांभाळता तिनं दहाही मंत्र्यांना बोलीत आणलं.

महोत्सवाला ते रुचलं नाही. सिनेमा परत आला. अद्वयनं चेहरा पाडून विचारलं, "मंत्र्यांखालची अक्षरं काढू का?"

"हात तर लाव!" शेवंती म्हणाली.

अक्षरं तशीच आहेत.