भावाचा डावा हात

थोरला भाऊ त्या आषाढात लोणावळ्याला रजेवर आला, तेव्हा आईने त्याच्यापुढे चहा ठेवला. त्याने बशी हातात घेतली नाही. चहा निवेपर्यंत तो नुसता बसून राहिला.

"मुंबईला राहून चहासुद्धा गार करून प्यायला लागलास का रे?" आई म्हणाली.

तो हसला आणि उजव्या हाताने बशी उचलून प्यायला. डावा हात मांडीखाली होता.

भाऊ मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात डॉक्टर होता. वैद्यकीची परीक्षा उत्तम रीतीने पास झाल्यावर त्याने एक्स-रेचा विषय घेतला आणि त्या खात्याच्या मुख्य डॉक्टरांच्या हाताखाली तो बिनपगारी शिकू लागला. पहिलं महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. हा विषय शिकवणारी माणसं थोडी होती, यंत्रं त्याहून थोडी. खात्यात पगाराची जागा एकच होती आणि तिच्यावर ते मुख्य डॉक्टर होते. वडील वारले होते. मी पुण्याच्या एका वर्तमानपत्रात काम करत असे आणि शनिवारी घरी येत असे. भावाला ती जागा मिळणं, हा आमच्या घरातला एकच विषय होता. त्यासाठी आईने कार्ल्याच्या एकवीरेला नवसही बोलून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे मळवलीला गेलो. तिथे आमची थोडी भातखाचरं होती. ती एक म्हातारे शेतकरी कसत. त्यांना आम्ही आबा म्हणत असू. भातरोपांची आवणी, म्हणजे लावणी, चालली होती. बांधावरून घसरलेली रोपांची मूठ भावाने वाकून उचलली, तेव्हा आबांना त्याचा डावा हात दिसला. बोटांची कातडी सुकून भेगाळली होती. नखं काळी पडली होती. तर्जनीवर चामखिळीसारखा जाड दाणा होता आणि तो मधोमध फुटला होता.

"डाक्टर, तुमीबी आवनीला जाता व्हय?" आबा म्हणाले. खाचरातल्या बायका हसल्या. "आमचं बी असंच व्हतंय पान्यानं. कोकमाचं त्याल चोळा. दिवाळीपातुर कातडी नवी."

"चोळतो, आबा," भाऊ म्हणाला.

घरी आल्यावर मी आईला हे सांगितलं. तिने कोकमाचं तेल काढलं. तिने ते त्याच्या बोटाला लावलं, तसा त्याने हात मागे ओढला.

"हे पाण्याचं नाही, आई," तो म्हणाला. "यानं जायचं नाही."

मग त्याने सांगितलं. यंत्रात एक काचेची नळी असते, तिच्यातून किरण निघतात. नळीचा जोर रोज सारखा नसतो. कधी किरण अंगात शिरतच नाहीत, कधी हाडांतूनही आरपार जातात. म्हणून रोग्याला घेण्याआधी नळी पारखावी लागते. नळी आणि चमकणारा पडदा यांच्यामध्ये आपला हात धरायचा आणि पडद्यावर बघायचं. हाडं काळी, मांस करडं दिसलं की नळी ठीक.

"तू शीत चेपून भात शिजला का बघतेस ना? तसंच."

"भाताचं शीत भाताचं असतं," आई म्हणाली. "हात तुझा आहे."

हात धरायचं काम शिकणाऱ्याचं असे. तशी रीतच होती. मुख्य डॉक्टरांनी उमेदीच्या काळात आपल्या वरिष्ठांसाठी हात धरला होता. त्यांची दोन बोटं कापलेली होती, उरलेल्या हातावर ते हातमोजा घालत. धोका काय आहे, हे खात्यात सगळ्यांना माहीत होतं. पारखायला दुसरी साधनं निघाली होती, पण ती मागवायची कोणी आणि तोवर बाहेर बसलेल्या रोग्यांना काय सांगायचं, इथे बोलणं थांबत असे.

"सोडून दे," आई म्हणाली. "इथं दवाखाना घाल."

"यंत्राला वीज लागते, आई."

"आपल्याच लोणावळ्याच्या तळ्याच्या पाण्यावर करतात ना वीज?"

"आपल्याच. पण ती होते घाटाखाली आणि जाते मुंबईला."

आमच्या घरात कंदील होते.

"मग साधा दवाखाना घाल. तापाचा, खोकल्याचा."

"किती वर्षांत मी नाडी धरलेली नाही. मला हाडं वाचता येतात. दुसरं काही येत नाही आता."

आईने तेलाची वाटी बाजूला ठेवली. "ती जागा तुला कधी मिळेल?"

भावाने डावा हात मांडीखाली घेतला. "मुख्य डॉक्टरांचा हात दुखतो हल्ली. जखम भरत नाही. तो कोपरापासून काढावा लागला, तर त्यांना काम जमणार नाही. मग मिळेल."

सोमवारी मी पुण्याला गेलो. संपादकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "इस्पितळाचं नाव घालता येणार नाही, भावाचं तू घालणार नाहीस. मग बातमी कसली?" त्यांचं बरोबर होतं. भावानेही मला बजावलं होतं, एक ओळ छापून आली तर मिळणारी जागाही जाईल.

पुढच्या शनिवारी आई म्हणाली, "मला कार्ल्याला ने."

पाऊस होता. पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. वर देवळात गर्दी नव्हती. गुरव ओळखीचे होते. आईने त्यांना विचारलं, "बोललेला नवस परत घेता येतो का हो?"

"म्हंजी? फेडता येत न्हाई का? फेडा की सवडीनं. देवी काय मागं लागती व्हय?"

"फेडायचं नाही. मागितलेलंच नको आहे."

गुरवांनी माझ्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "मावशी, लोकं हितं 'लवकर दे' म्हनत येत्यात. 'नगं' म्हनाया कुनी आलं न्हाई आजवर. देवीला उलटं कसं सांगायचं, ते मला ठावं न्हाई."

आईने देवीपुढे डोकं टेकलं. तिने मनात काय सांगितलं, मला माहीत नाही. उतरताना एवढंच म्हणाली, "त्या मुख्य डॉक्टरांची आईपण कुठेतरी अशीच देवापुढे बसली असेल."

थंडीत मुख्य डॉक्टरांचा हात कोपरापासून काढला. होळीच्या सुमारास भावाला ती जागा मिळाली. निरोप द्यायला तो स्वतः आला. तोपर्यंत त्याची तर्जनी अर्धी काढली होती.

चैत्रात आम्ही नवस फेडायला गेलो. भावाबरोबर त्याच्या हाताखाली नुकताच शिकायला लागलेला एक तरुण डॉक्टर होता. मळवलीला उतरून पायी चाललो, तेव्हा आई त्या तरुणाच्या हातांकडे पुन्हा पुन्हा बघत होती. हात चांगले होते. पायऱ्यांच्या मध्यावर ती दम खायला बसली आणि भाऊ पुढे गेल्यावर तिने त्या तरुणाला विचारलं, "नळीपुढे हात तू धरतोस का रे?"

"नाही ना!" तो म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार होती. "सर मला धरूच देत नाहीत. म्हणतात, माझा एक हात गेलाच आहे, तो वापरू. तुम्हीच सांगा त्यांना, काकू. मला नळी पारखता आली नाही, तर पुढे कोण ठेवून घेणार?"

आई उठून चालू लागली.

देवळात तिने ओटी भरली. खण, नारळ, हिरवं लुगडं. भावाने उजव्या हाताने नमस्कार केला. डावा उपरण्याखाली होता. गुरवांनी नारळ वाढवला आणि त्यातली एक वाटी आईच्या हातात दिली.

"झालं की मनासारखं, मावशी. आता आनखी काय मागनं?"

आईने भावाच्या उपरण्याखालच्या हाताकडे पाहिलं, मग त्या तरुणाच्या हातांकडे. देवीपुढे ती कधी काही न मागता उठलेली मला आठवत नाही.

"काही नाही," ती म्हणाली. आणि पदर खोचून पायऱ्या उतरू लागली.