अक्षता लावलेला स्नोबोर्ड

शाळा मी नववीत सोडली असं घरचे सांगतात. खरं तर तीन वर्षं वाट बघून शाळेनंच मला सोडलं. त्यामुळे जर्मनीत पोचलो ही मी देवाची कारकुनी चूक धरतो. कोणीतरी फाईल उघडून ती दुरुस्त करील, ही धास्ती पोटात कायम.

भोसरीत मी प्लायवूडच्या प्रेसवर होतो. एक जर्मन म्हातारा आपली जुनी प्रेस विकायला आला आणि त्याच्याच हातून ती चालू होईना. मी एक वॉशर बदलला, दोन लाथा घातल्या, झाली चालू. त्यानं मला सहा महिन्यांसाठी ब्योब्लिंगेनजवळच्या आपल्या कारखान्यात बोलावलं. तिथं स्नोबोर्ड बनत. माणसं पैसे देऊन फळी घेतात आणि तिच्यावरून मुद्दाम घसरतात, हे मी आईला फोनवर सांगितलंच नाही.

सहा महिने संपत आले होते. पुढच्या व्हिसाचे कागद मालक करणार की मला विमानात बसवणार, हे एका बोर्डवर होतं. मी एकट्यानं बनवलेल्या पहिल्या बोर्डवर. कारखान्याचा नियम असा की ज्यानं बनवला त्यानंच आधी डोंगरावर नेऊन चालवायचा. मालक म्हणायचा, "स्वतःचं हाड मोडणार असेल तर माणूस रेझिन नीट लावतो." माझा दोन रविवार जुन्या बोर्डवर पडायचा सराव झाला होता.

आदल्या दिवशी माझ्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मराठी वहिनींकडे जेवायला गेलो, बोर्ड दाखवायला घेऊनच. त्यांचे यजमान, दादा, मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर.

"अहो भावजी, नवीन वाहन ना? पूजा केलीत?"

"वहिनी, याला चाकं नाहीत."

"जीव तुमचाच जाणार ना? मग वाहनच."

त्यांनी खोबरेल तेलात कुंकू कालवून दिलं, मूठभर अक्षता दिल्या. आता बोर्डच्या वरच्या बाजूला पाय ठेवायचे असतात. कुंकवावर पाय कसा द्यायचा? मी बोर्ड उलटा केला, बुडाला बोटांनी पट्टे ओढले, अक्षता चिकटवल्या, नमस्कार केला.

"लॉजिकल आहे," दादा म्हणाले. बी.ई. झालेला माणूस!

बोर्ड रात्रभर बाल्कनीत राहिला. सकाळी मालकाच्या गाडीतून आल्गॉयमधल्या डोंगरावर गेलो, तारेवरच्या पाळण्यातून वर पोचलो. बूट अडकवले, देवाचं नाव घेतलं, निघालो. खर्रर्र! दोन हात गेलो आणि तोंडावर. उठलो. खर्रर्र, पुन्हा तोंडावर. चार वर्षांची एक चिमुरडी स्कीवरून शेजारून गेली, वळून माझ्याकडे दयेनं बघत. मालक मिशी चावत उभा. मला समोर भोसरीचा गेट दिसायला लागला.

तेवढ्यात मागं एक बाई किंचाळली. बर्फावर माझ्या मागं लालभडक रेघ! रेस्क्यूवाले दोघं घसरगाडी घेऊन आले आणि मला आडवा करून बांधायला लागले. मी "नाईन, नाईन", नाही नाही, म्हणत बोर्ड उलटा करून बुडाचं कुंकू दाखवलं.

आमच्याकडे थंडीत तेलाची बाटली उन्हात ठेवतात. मला ते आठवायला हवं होतं. तेल दगडासारखं गोठलं होतं आणि त्यात तांदूळ रुतले होते. काचकागदच तो.

मालकानं नखानं एक दाणा उपटला. "हे काय?"

"तांदूळ."

"का?"

"बोर्डला आशीर्वाद."

"खालून?"

"वर पाय येतात, शेफ." तिकडे मालकाला शेफ म्हणतात.

"आल्झो," म्हणजे बरं तर, तो म्हणाला, खिशातली पट्टी काढून बुड खरवडलं, बोर्डवरचे बुटाचे पट्टे आपल्या बुटांना आवळले आणि साठीतला तो म्हातारा सुसाट खाली गेला. मी गुडघाभर बर्फातून चालत, मनात सामान भरत उतरलो.

खाली तो बोर्ड वाकवून बघत होता. "कड जरा मऊ. बाकी बोर्ड चांगला. तू भयंकर." मग म्हणाला, "पुढच्या वेळी ते लाल वर लाव. टोकाला. तिथं पाय येत नाही."

मी सवयीनं तीनदा डांके, म्हणजे आभार, म्हटलं. गाडीत हीटर लागला, बोटांत जीव आला, तेव्हा कुठं डोक्यात शिरलं.

"शेफ, पुढच्या वेळी म्हणजे?"

"सोमवारी सातला ये," तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "पासपोर्ट आण. तांदूळ नको."