स्वल्प म्हणजे किती?

गुडघा दुखतो, हे मी चालवून घेतलं असतं. पण मांडी घालता येईना, हे मात्र मला चालणारं नव्हतं. बेळ्ळंदूरच्या आमच्या सोसायटीच्या गणपतीत आरतीला पेटी मी वाजवते. शिकवली कुणी नाही, ऐकून ऐकून बोटांत बसवली. मुलगा म्हणाला, "खुर्चीवर बसून वाजव ना, आई." म्हटलं, खुर्चीत बसले की मला टायपिंग करतेय असं वाटतं. पेटी खाली, मी खाली, तरच सूर लागतात.

डॉक्टर म्हणाले, गुडघ्यातली गादी फाटलीय. दोन बारीक छिद्रं पाडायची, एकातून दुर्बीण, दुसऱ्यातून हत्यार. मी तर धसकाच घेतला होता, की गुडघा कलिंगडासारखा कापतात! ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी घरी आले ती दोन छोट्या पट्ट्या लावून. गणपतीला चार महिने होते. "व्यायाम नीट केलात तर मांडी घालाल," असं डॉक्टरांनी सांगितलं.

तो व्यायाम शिकवायला एक कानडी मुलगी घरी आली. "अज्जी, दिन में तीन बार, स्वल्प बेंड माडी," म्हणाली नि गेली. माडी म्हणजे करा, एवढं कानडी मला कळतं. स्वल्प! असा शुद्ध शब्द किती दिवसांनी कानावर पडला. मी अगदी स्वल्पच वाकवला, दोन बोटं. तीनदा, घड्याळ लावून.

आठ दिवसांनी बघते तर गुडघ्याचं लाकूड झालेलं. ती मुलगी पुन्हा आली, गुडघा बघून म्हणाली, "अज्जी, कुछ किया नहीं!"

"अगं, तू स्वल्प म्हणालीस, तेवढंच केलं की!"

सुनेने लॅपटॉप मिटला आणि हसतच सुटली. "अहो आई, इथला रिक्षावाला 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी' म्हणतो ना, तेव्हा तिघांत चौथा माणूस बसवतो!"

मग त्या मुलीने हात धरून खरं माप दाखवलं: ताण बसेपर्यंत वाकवायचा, थांबायचं, पुन्हा थोडा पुढे. रोज डोळ्यांत पाणी यायचं. पलंगावर बसून टाच ओढायची, तोंडाने आरती म्हणायची, कडवं संपेपर्यंत सोडायची नाही. सून म्हणे, "देवाला आत्ताच बोलावताय का?"

डॉक्टरांनी परवानगी दिली, आणि गणपतीच्या पहिल्या संध्याकाळी मी सतरंजीवर बसले. मांडी घालून! पाच आरत्या झाल्या, टाळ्या वाजवणारे दमले, मी सहावी सुरू केली. शेवटी डाव्या पायाला मुंग्या आल्या. गुडघा शांत, नुसत्या मुंग्या! खाली बसून पायाला मुंग्या येण्याचं सुख काय असतं, ते त्या दिवशी कळलं मला.