सहा बाजू लागोपाठ

ज्या सिनेमाची गाणी मला पाठ आहेत तो सिनेमा मी पाहिलेला नाही. आमच्या घरात कोणीच पाहिला नाही. तो मोठ्या कंपनीचा नव्हता. मुंबईतल्या चार-पाच मित्रांनी जमेल तसा काढलेला मराठी सिनेमा, तो ग्वाल्हेरला कशाला येतोय? आमच्याकडे आल्या त्या त्याच्या गाण्यांच्या तीन तबकड्या. त्यांत क्लॅरिनेट माझ्या थोरल्या दिरांचं होतं.

संस्थान विलीन होऊन मध्यभारत राज्य झालं तेव्हा दीर दरबारच्या बँडमध्ये होते. पुढे बँडचं काय होणार, हे कोणालाच सांगता येईना. माझे यजमान सचिवालयात कारकून होते. त्यांचं ऑफिस उन्हाळ्यात इंदूरला जायचं आणि थंडीत परत यायचं, कपाटं-दप्तरांसकट. हाल होते, पण नोकरी होती. दिरांना तेही नव्हतं. ते मुंबईला गेले. जागा मिळाली की नेतो, असं जाऊबाईंना सांगून गेले.

जागा मिळाली नाही. पत्रं मात्र येत होती. मग एका होळीनंतर तीही थांबली. त्याच सुमारास मुंबईहून त्यांचा एक सोबती ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या आमच्या घरी तबकड्या देऊन गेला. सिनेमा वर्षभर रखडत झाला, गाणी एकेक करून भरली, त्याच क्रमाने बाजूंवर आकडे घातलेत, असं त्याने सांगितलं. जाऊबाईंनी विचारलं, “प्रकृती कशी आहे त्यांची?”

“ठीक आहे. काम फार असतं,” तो म्हणाला आणि चहा अर्धा ठेवून उठला.

जाऊबाईंनी मुंबईला जायचं काढलं. मामंजी, म्हणजे आमचे सासरे, नको म्हणाले. “तो बोलावील तेव्हा जा. परक्या गावात त्याच्या डोक्यावर जाऊन बसू नकोस.” विषय संपला. घरात दुसरं कोणी मोठं नव्हतं.

मामंजी त्याच बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवून घरी बसलेले. मुलाला शिकवलं त्यांनीच. त्यांचा एक नियम होता. राग त्याच्या वेळेलाच ऐकायचा. आमच्या गल्लीत असे बरेच होते, त्यामुळे त्यात आम्हाला वेगळं काही वाटत नसे. तबकड्यांनाही तोच नियम लागला. यमनची दोन गाणी दिवेलागणीला, सारंगाचं दुपारी, तोडीचं सकाळी, बागेश्रीचं जेवणं झाल्यावर. तिसऱ्या बाजूला एक विनोदी गाणं होतं. त्यात मामंजींच्या मते रागच नव्हता, म्हणून ते केव्हाही चालायचं. मला तेच आवडायचं.

म्हणजे एका बैठकीत सहा बाजू आम्ही कधी ऐकल्याच नाहीत. आज एक, परवा दुसरी. पाचव्या बाजूला क्लॅरिनेट ओळ सुरू करायचं आणि व्हायोलिन ती पुरी करायचं. मामंजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, “काय कल्पना आहे बघा!” सहाव्या बाजूचं वाजवणं त्यांना थोडं उथळ वाटायचं. “मुंबईचं पाणी लागलं पोराला,” म्हणायचे.

वैशाखात यजमान ऑफिसबरोबर इंदूरला गेले. एका दुपारी जाऊबाई पदर खोचून मामंजींच्या समोर उभ्या राहिल्या.

“मामंजी, मला सगळ्या तबकड्या लागोपाठ ऐकायच्यात. आकड्याप्रमाणे. आत्ता.”

“भर दुपारी तोडी? शेजारी काय म्हणतील?”

“शेजारी लूच्या झळा लागतील म्हणून दारं लावून पडलेत.”

“अगं, पण का?”

“मला जाऊ देत नाही, तर ऐकू तरी द्या. तुमच्या तोडीचे घटकाभर हाल झाले, तर ते माझ्या हालांपेक्षा मोठे आहेत का?”

मामंजी रागावतील असं मला वाटलं. त्यांनी मला ग्रामोफोनला चावी द्यायला सांगितलं.

पहिल्या बाजूला दिरांची तान लांब होती. मामंजी गुडघ्यावर बोटाने ताल धरून बसले होते, मध्ये श्वास कुठे घेतला ते सापडत नव्हतं. दुसरीही तशीच. विनोदी गाण्यात दीर वाजवताना मध्येच थांबल्यासारखे झाले. मला ती गंमत वाटायची, त्या दिवशी वाटली नाही. चौथ्या बाजूला ओळ दोनदा तुटली. सूर चांगलाच होता, पण तुटत होता. पाचव्या बाजूला व्हायोलिन पुढे आलं तेव्हा मामंजींनी बोट उचललं. कल्पना कसली, ओळ पुरी करण्याएवढा दम माणसात उरला नव्हता.

सहावी बाजू लावली. चार सूर झाले नाहीत तोच मामंजी म्हणाले, “बंद कर.”

मी सुई उचलली.

“हा आमचा नव्हे,” ते म्हणाले. “दुसराच कोणी आहे.”

जाऊबाई रडल्या नाहीत. “मग आता?” एवढंच विचारलं.

“ट्रंक भर. मी येतो बरोबर.”

मुंबईत दीर एका मित्राच्या जिन्याखालच्या खोलीत, खाटेवर सापडले. क्षय होता. सहावं गाणं भरायच्या आधीच त्यांच्या तोंडातून रक्त पडलं होतं. घरी कळवायचं नाही, अशी त्यांनीच सोबत्यांना शपथ घातली होती. जाऊबाईंनी त्यांना डोंगरावरच्या दवाखान्यात नेलं आणि तिथेच बाजूला खोली घेऊन राहिल्या. मामंजी एकटे परत आले. सिनेमा पुण्यात थोडे दिवस चालला, असं पुढे कोणीतरी सांगितलं. त्याची गोष्ट काय होती, ते मला अजून माहीत नाही.

त्या थंडीच्या शेवटी दीर गेले. जाऊबाई परत आल्या तेव्हा बऱ्याच वाळल्या होत्या. मी विचारलं, “शेवटी काही बोलले का?”

“बोलायला दम कुठे होता? मीच बोलायची. तुझ्या वरणात मीठ जास्त असतं, हेसुद्धा सांगितलं.”

“हसले?”

“हसले की. मग खोकले. मग मी गप्प बसले, तर हातानं खूण केली, बोल म्हणून.”

दवाखान्यात पुष्कळ माणसं एकटी मेली, असं त्या म्हणाल्या. दीर एकटे गेले नाहीत. नंतर जाऊबाईंनी उठून पोळ्या लाटायला घेतल्या, आणि त्या दिवशीचं वरण मला करू दिलं नाही.