बार्शीटाकळीच्या चढावरचा आवाज

विलास तायडे याचे एप्रिलच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी पावणेनऊ वाजता अकोल्यात, राहत्या घरी निधन झाले. वय अठ्ठावन्न. कारण तोंडाचा कर्करोग. त्याच्या पत्नीचा, मंदावहिनींचा फोन मला अमरावतीत नऊ वाजून पाच मिनिटांनी आला. "गेले हे," एवढेच त्या म्हणाल्या. 

आम्ही अकोल्यात एका बाकावर शिकलो. मी वर्तमानपत्रात गेलो आणि अमरावतीचा झालो. त्याने घराच्या पुढच्या भागात गॅरेज काढले. गाडीचा दोष तो कानाने शोधायचा. लांब पेचकसाचे टोक चालू इंजिनवर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. गिऱ्हाईक घाईत असले तरी त्याचे डोळे लवकर उघडत नसत. "बेअरिंग बोलून राहिलं, साहेब," तो सांगायचा. "दोन महिने असंच बोलन, मंग बोंबलन." बहुतेक वेळा दोन महिन्यांनी ती गाडी परत यायची. मंदावहिनींचे म्हणणे वेगळे होते. "जगाच्या गाड्यांचं आयकते हा माणूस," त्या म्हणायच्या. "तंबाखूचा खर्रा सोडा म्हणून मी वीस वर्सं बोलून राहिली, तेवढं काही आयकू येत नाही."

सहा वर्षांपूर्वी त्याने भंगारात निघालेली एक जुनी पेट्रोल गाडी घेतली. तिच्या इंजिनला त्याने एका मोडलेल्या डिझेल गाडीचा टर्बो बसवला. पाइप स्वतः वाकवले, पिस्टन बदलले. टर्बो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, त्यामुळे ताकद वाढते. पण ठिणगी पडण्याची वेळ थोडी जरी चुकली तरी पेट्रोल भलत्या क्षणी पेटते आणि आत बारीक, धातूवर आपटल्यासारखी टिकटिक सुरू होते. मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतात. ते वेळेत थांबले नाही तर पिस्टन वितळतो. ज्यांच्याकडे यंत्रे आहेत ते यंत्रावर ही वेळ लावून देतात. विलास कानाने लावणार होता. गाडी झाली की स्वतः चालवत अमरावतीला जायचे आणि मुलीच्या, प्रज्ञाच्या दारात उभी करायची, असे त्याने ठरवले होते. प्रज्ञा तिथे शिक्षिका आहे. दर दिवाळीला ती विचारायची, "बाबा, यंदा का?" आणि तो म्हणायचा, "यंदा."

मागच्या दिवाळीआधी त्याच्या जबड्याचे ऑपरेशन झाले. नंतर सलाइनमधून औषधे सुरू झाली. या औषधांनी कानावर परिणाम होऊ शकतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. तसे झाले. जाड आवाज त्याला ऐकू यायचे. बारीक आवाज गेले. फोनची घंटा, कुकरची शिट्टी, आणि ती टिकटिक. फेब्रुवारीत त्याने गाडी सुरू केली, पेचकस कानाला लावला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मग पेचकस खाली ठेवला. त्या दिवशी तो जेवला नाही, असे वहिनींनी मला सांगितले.

गाडी पुण्याला, यंत्रावर ही वेळ लावून देणाऱ्या ट्यूनरकडे पाठवावी, असे वहिनींचे मत होते. त्यांनी फोन करून नंबरही लावला. दीड महिना थांबावे लागेल असे उत्तर आले. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी वहिनींना आणि मला बाजूला घेऊन सांगितले की आता महिने मोजू नका, आठवडे मोजा. विलासला हे कोणी सांगितले नाही. त्याने विचारलेही नाही.

मार्चच्या पहिल्या शनिवारी त्याने मला अकोल्याला बोलावले. आम्ही बार्शीटाकळीच्या रस्त्याला निघालो. तो चालवत होता. त्याचे बोलणे जड झाले होते, दोनदा ऐकावे लागायचे. "चढ आला का मी दाबतो," तो म्हणाला. "ताटलीत ज्वारीचे दाणे पडल्यावानी आवाज येते का, ते पाह्य. पत्रकार हायेस न? आयकलं तेच सांगजो."

चढावर त्याने गाडी दाबली. आवाज आला. तीन-चार सेकंद, स्पष्ट. चढ संपल्यावर थांबला.

"काय?"

"काही नाही," मी म्हणालो.

"पक्कं?"

"पक्कं."

"बातमी एकाच सूत्राची हाय," तो म्हणाला. "छापाव का?" आणि हसला. जबड्याच्या ऑपरेशनमुळे त्याला हसताना दुखायचे, तरी हसला.

मी खोटे का बोललो, याची नोंद करणे आवश्यक आहे. आवाज आला म्हणजे पुणे, आणि पुणे म्हणजे दीड महिना, असा हिशेब मी केला होता. तो तसे म्हणाला नव्हता. तो फक्त आवाज येतो का, एवढेच विचारत होता.

पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता तो, वहिनी आणि मी अमरावतीला निघालो. मूर्तिजापूर मागे पडल्यावर तासाभराच्या आत पोचू, असे वहिनींनी प्रज्ञाला कळवले. त्यानंतर बारा-तेरा किलोमीटरवर एक ट्रक ओलांडताना इंजिनातून निळा धूर आला, खडखड झाली आणि गाडी बंद पडली. विलासने ती कडेला घेतली. वहिनी लिंबाच्या सावलीत बसल्या. त्याने बॉनेट उघडले, एक प्लग काढला आणि उन्हात धरला. पांढऱ्या चिनी मातीवर चकाकणारे बारीक कण चिकटले होते. ते पिस्टनचे होते.

"आवाज येत होता न?" त्याने विचारले.

"हो."

"बातमी दाबली तुनं."

त्याने प्लग बोटांत फिरवला.

"काहून बाप्पा?"

कारण सांगायचे तर डॉक्टरांचे बोलणेही सांगावे लागले असते. वहिनी ऐकत होत्या. त्याने माझ्याकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. नंतर प्लग फडक्यात गुंडाळून खिशात ठेवला आणि म्हणाला, "बरं... समजलं." त्याला काय समजले, हे आम्हा दोघांनाही कळले. प्रज्ञा एका ओळखीच्या गाडीने तिथे आली. ती बापाजवळ रस्त्याच्या कडेला बसली. "इथवर तं आणली न बाबा," ती म्हणाली. गाडी दोराने बांधून अकोल्याला परत नेली. त्यानंतर त्याने गॅरेजमध्ये पाऊल ठेवले नाही. मी तीनदा भेटायला गेलो. तिन्ही वेळा तो माझ्याशी नीट बोलला; माझ्या मुलांबद्दल, उन्हाबद्दल. गाडीचा विषय त्याने काढला नाही. मीही काढला नाही.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर दुसऱ्या दिवशी मी विलासच्या घरी बसलेलो असताना त्याच्या फोनवर पुण्याच्या ट्यूनरचा फोन आला. नंबर लागला आहे, गाडी केव्हा आणता, असे तो विचारत होता. वहिनींनी फोन माझ्याकडे दिला. मी त्याला घडले ते सांगितले. त्याने ठिणगीची वेळ किती अंशांवर लावली होती ते विचारले. विलासने बॉनेटच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवले होते. प्रज्ञाने जाऊन वाचून दाखवले. ट्यूनरने जोडणीबद्दल आणखी चार-पाच प्रश्न विचारले.

"काम चांगलं होतं," तो म्हणाला. "टायमिंग दोन-तीन अंश मागे घ्यायचं होतं, बस. एक बोल्ट ढिला करायचा, आवाज बंद होईस्तोवर फिरवायचं. पाच मिनिटं. त्यासाठी माझ्याकडे यायचीसुद्धा गरज नव्हती. गाडीत ऐकणारं कोणी नव्हतं का?"

होतं, असे मी सांगितले.